मैदानी शंका : झोन कोण आखतं, कॉन्फरन्स कोण मोडतं?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या 'कॉन्फरन्स'बद्दल, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांबद्दल, चार ओळींचं टिपण आलं होतं. त्यावर सांगली-साताऱ्याकडून बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : भाच्याला मिनेसोटातल्या एका लहान कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. तो म्हणतो, आमचं कॉलेज 'डिव्हिजन थ्री'चं आहे आणि 'एमआयएसी' (मिनेसोटा इंटरकॉलेजिएट अॅथलेटिक कॉन्फरन्स) मध्ये खेळतं. थ्री म्हणजे तिसऱ्या दर्जाचं का? आणि कॉन्फरन्स म्हणजे आपला विद्यापीठ स्पर्धांचा सांगली झोन, असंच समजायचं ना? (एक वाचक, मिरज)

उत्तर : थ्री हा दर्जा नव्हे. तिथल्या कॉलेज-खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९७३ मध्ये कॉलेजांचे तीन भाग केले. तिसऱ्या भागातल्या कॉलेजांना खेळाच्या बळावर एक डॉलरही शिष्यवृत्ती देता येत नाही. मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर सवलत मिळते, बॅट-रॅकेटवर नाही. तेव्हा 'पोरगा चांगला खेळतो, फी माफ होईल' असं कोणी एजंट सांगत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कॉन्फरन्स आणि झोन यांत मात्र मोठा फरक आहे. सांगली झोनमध्ये कॉलेज अर्ज करून येत नाही. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न झालं आणि जिल्हा सांगली असला, की ते झोनमध्ये आलंच. त्याला कोणी नको म्हणू शकत नाही, आणि त्यालाही 'मला साताऱ्याबरोबर खेळायचंय' म्हणता येत नाही. कॉन्फरन्स हा कॉलेजांनी आपापसात केलेला करार असतो. कॉलेजांचे अध्यक्ष मतदान करून नवा भिडू घेतात आणि नको झालेला काढतात. वर्गणी काढून एक छोटं कार्यालय चालवतात. ते वेळापत्रक लावतं, पंच नेमतं, गुणतक्ता ठेवतं आणि विजेता ठरवतं.

हा करार टिकतो तीन गोष्टींवर : बसचा प्रवास किती, कॉलेज केवढं, आणि खेळावर खर्च करायची ऐपत-इच्छा किती. या तिन्हींत सगळे साधारण एका मापाचे असेपर्यंत गाडी नीट चालते. एखाद्याचं माप बदललं की कुरकुर सुरू होते. कुठल्याही कॉन्फरन्सच्या सदस्यांची जुनी यादी हातात आली, तर प्रत्येक ये-जा या तिघांपैकी कशामुळे झाली ते शोधा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

भाच्याच्या कॉन्फरन्सचे आकडे बघा. सदस्य कॉलेजं १३. पण सेंट जॉन्सचे संघ फक्त मुलांचे, तर सेंट बेनेडिक्ट आणि सेंट कॅथरिन यांचे फक्त मुलींचे. म्हणून बास्केटबॉलला मुलांचे संघ ११ आणि मुलींचे १२. मुलांनी प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचं, तर प्रत्येक संघाचे २० सामने होतात. डिव्हिजन थ्रीला हंगामात २५ सामन्यांची मुभा आहे, म्हणजे बाहेरच्यांशी खेळायला पाचच उरले. मुलींना तर तीनच. 'तेरा सदस्य म्हणजे तेरा संघ' असं धरून हिशेब करणारे हमखास चुकतात.

प्रश्न : ज्या कॉलेजाने कॉन्फरन्स स्थापन केली, त्यालाच 'तुम्ही फार जिंकता' म्हणून हाकललं, असं वाचलं. हे खरं आहे का? असं कसं चालतं? (एक माजी खेळाडू, सातारा)

उत्तर : खरं आहे, आणि ती हीच एमआयएसी. १९२० मध्ये सात कॉलेजांनी ती सुरू केली : हॅम्लिन, मॅकॅलेस्टर, कार्लटन, सेंट ओलाफ, गस्टेव्हस अॅडॉल्फस, सेंट जॉन्स आणि सेंट थॉमस. सेंट थॉमस तेव्हा मुलांचं कॉलेज होतं, आकाराने बाकीच्यांसारखंच. १९७७ पासून ते मुलींना घेऊ लागलं, १९९० मध्ये त्याचं विद्यापीठ झालं, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची संख्या वाढत वाढत सहा हजारांच्या पुढे गेली. बाकीची कॉलेजं दोन-तीन हजारांच्या आसपास, काही त्याहून लहान. करार तोच राहिला आणि भिडूचं माप बदललं.

मैदानावर ते कसं दिसलं? २०१७ मध्ये फुटबॉलला (तिथला फुटबॉल, चेंडू काखेत मारून पळायचा) सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७-० असं हरवलं. असा सामना हरणाऱ्याचा तर फुकट जातोच, पण जिंकणाऱ्यालाही त्यातून काही शिकायला मिळत नाही. २२ मे २०१९ रोजी कॉन्फरन्सने जाहीर केलं की सेंट थॉमसला वगळण्यात येत आहे, आणि कारण दिलं ताकदीतल्या तफावतीचं. लगेच बाहेर काढलं नाही. नवी जागा शोधायला २०२१ च्या वसंतापर्यंत मुदत दिली.

पुढचं बघण्यासारखं आहे. जुलै २०२० मध्ये एनसीएएने सेंट थॉमसला तिसऱ्या डिव्हिजनमधून थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये जायची परवानगी दिली. मधली दुसरी पायरी गाळून अशी उडी मारायला सहसा कोणाला देत नाहीत. बहुतेक खेळांसाठी सेंट थॉमस समिट लीगमध्ये गेलं, फुटबॉलसाठी पायोनियर लीगमध्ये, आणि मुलांच्या आइस हॉकीसाठी तिसरीकडेच. (लीग म्हणजेही कॉन्फरन्सच.) एक कॉलेज अनेक कॉन्फरन्समध्ये, हे तिकडे नवल नाही. म्हणून 'अमुक कॉलेज कुठल्या कॉन्फरन्सचं' असं विचारताना खेळाचं नावही सांगावं लागतं.

इकडे एमआयएसीने २०२१ मध्ये डुलुथ गावातलं सेंट स्कॉलॅस्टिका घेतलं. त्याच वर्षी मॅकॅलेस्टरचा फुटबॉल संघही परत आला. बाकीच्या खेळांत ते सदस्यच होतं, फक्त फुटबॉल बाहेर खेळत होतं. फुटबॉलचे दहा संघ झाले आणि त्यांचे पाच-पाचांचे दोन गट पाडले.

आमचं मत विचाराल तर चूक सेंट थॉमसला बाहेर काढण्यात नव्हती, उशिरात होती. पटसंख्येची मर्यादा आधीच ठरलेली असती, तर हा निर्णय आकड्याने घेतला असता. तो गुणफलकाकडे बघून घेतल्यासारखा दिसला आणि बदनामी सगळ्यांच्याच पदरी आली.

जाता जाता : बाहेर पडणं म्हणजे कायमचं वैर नव्हे. कार्लटन स्थापनेनंतर काही वर्षांतच बाहेर गेलं आणि १९८३ मध्ये परतलं. सेंट ओलाफही मधली दोन तपं दुसरीकडे होतं. ही दोन्ही कॉलेजं नॉर्थफील्ड या एकाच गावात आहेत. १९७७ मध्ये दोघांच्या कॉन्फरन्स वेगळ्या होत्या, तरी १७ सप्टेंबरला ते एकमेकांशी खेळले, आणि तेही यार्डांऐवजी मीटरमध्ये आखलेल्या मैदानावर. सेंट ओलाफ ४३-० ने जिंकलं. मैदान मेट्रिक करायची हौस मात्र तिथेच संपली.

प्रश्न : सगळ्यात जुनी कॉन्फरन्स कोणती? (कऱ्हाड)

उत्तर : मिशिगन इंटरकॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, १८८८. सुरुवातीची चार कॉलेजं : आल्बियन, ऑलिव्हेट, हिल्सडेल आणि मिशिगनचं सरकारी शेतकी कॉलेज. हे शेतकी कॉलेज १९०७ मध्ये बाहेर पडलं. आज ते मिशिगन स्टेट विद्यापीठ म्हणून मोठ्या विद्यापीठांच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये खेळतं. हिल्सडेलही गेलं, पहिली दोघं मात्र आजही तिथेच आहेत. शेजारच्या ओहायोत तसंच झालं. १९०२ च्या ओहायो कॉन्फरन्समध्ये ओहायो स्टेट होतं आणि १९१२ मध्ये ते मोठ्यांच्या पंगतीला जाऊन बसलं.

प्रश्न : तिकडे छोटी कॉलेजं बंद पडतायत म्हणे. मग त्यांच्या कॉन्फरन्सचं काय होतं? (सांगली)

उत्तर : एकदम दोन प्रश्न उभे राहतात. पहिला वेळापत्रकाचा : पुढच्या हंगामाच्या तारखा आधीच दिलेल्या असतात आणि प्रत्येक संघाच्या दोन-दोन तारखा रिकाम्या होतात. दुसरा अधिक गंभीर. कॉन्फरन्सच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळायची, तर सदस्य ठरावीक संख्येच्या खाली जाऊन चालत नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये बराच काळ ही किमान संख्या सात होती. म्हणजे आठांची कॉन्फरन्स सुरक्षित दिसते, पण ती एका कॉलेजाच्या अंतरावर काठाशी उभी असते.

दक्षिणेकडच्या सदर्न अॅथलेटिक असोसिएशनचं उदाहरण घ्या. तिच्या कॉलेजांची आधीची कॉन्फरन्स टेक्सासपासून कितीतरी राज्यांत पसरली होती आणि प्रवास परवडेना. २०११ मध्ये सात कॉलेजांनी बाहेर पडायचं जाहीर केलं, बेरी कॉलेज सोबत आलं आणि २०१२ पासून आठांची नवी कॉन्फरन्स खेळू लागली. त्या आठांतलं बर्मिंगहॅम-सदर्न हे १८५६ पासूनचं कॉलेज ३१ मे २०२४ रोजी पैशाअभावी बंद झालं. आठाचे सात झाले. २०२५ मध्ये टेक्सासमधली ट्रिनिटी आणि साउथवेस्टर्न ही दोन कॉलेजं येऊन मिळाली. २०१२ मध्ये अंतरामुळे मागे सोडलेलीच ही दोघं. संख्या कमी पडायला लागली की अंतराची तक्रार थोडी मवाळ होते.

बर्मिंगहॅम-सदर्नचा बेसबॉल संघ त्या वर्षी राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत पोहोचला होता. कॉलेज अधिकृतपणे बंद झालं त्याच ३१ मेला तो ओहायोतल्या ईस्टलेकमध्ये मैदानात उतरला. २ जूनला स्पर्धेबाहेर पडला, तेव्हा परत जायला कॉलेज नव्हतं.

प्रश्न : कॉलेजच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी जिमखान्याचा इतिहास लिहितो आहे. जुन्या ढालींवर 'विद्यापीठ आंतरविभागीय स्पर्धा, विरुद्ध सोलापूर' असं कोरलेलं सापडतं, तर काही फोटोंखाली 'पुणे विद्यापीठ' आहे. हे नीट कसं मांडावं? (क्रीडाशिक्षक, तासगाव)

उत्तर : ढाली बरोबरच आहेत, त्यांवरचा 'विभाग' म्हणजे झोनच. आपल्याकडे भिडू बदलतात ते कायद्याने, म्हणून तारखा पक्क्या मिळतात. पुणे विद्यापीठ १९४९ चं, त्याआधी इकडची कॉलेजं मुंबई विद्यापीठात. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ पासून. सोलापूरची कॉलेजं त्यात होती, ती १ ऑगस्ट २००४ रोजी स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ झाल्यावर गेली. साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. त्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज एकत्र आली.

छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं आहे. एकाच जागी उभं राहून या कॉलेजाने मुंबई, पुणे, शिवाजी आणि कर्मवीर अशी चार विद्यापीठं पाहिली. सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं, त्याने तीन पाहिली. अशा कॉलेजाचा इतिहास 'आमची विद्यापीठ स्पर्धेतली कामगिरी' असा सलग लिहिला की घोटाळा होतो, कारण प्रत्येक काळात समोरचे संघ वेगळे होते.

वहीत चार रकाने पाडा : हंगाम, त्या वेळच्या विद्यापीठाचं नाव, झोन, आणि झोनच्या वर कुठल्या पायरीपर्यंत गेलो. हंगाम नेहमी जोडवर्षात लिहा : २००३-०४. नुसतं '२००४' लिहिलंत, तर सोलापूर आत होतं की बाहेर हे कळणार नाही, कारण ती तारीखच हंगामाच्या तोंडाशी आहे. त्या एका वर्षासाठी प्रवेशिका किंवा गुणपत्रकच बघा, राजपत्राच्या तारखेवर जाऊ नका. एखाद्या गोष्टीची घोषणा आणि मैदानावरची अंमलबजावणी यांत एखादा हंगाम सहज निघून जातो.

नावं त्या काळातलीच ठेवा. १९५५ च्या फोटोखाली 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' लिहू नका, ते नाव २०१४ चं. स्वायत्त आणि स्वतंत्र यांतही गल्लत नको. स्वायत्त कॉलेज परीक्षा स्वतः घेतं, पण संलग्न राहतं, म्हणून झोनमध्येच खेळतं. वेगळं विद्यापीठ झालं, की पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत संघही वेगळा उतरतो. कालचे सहकारी तिथे समोरासमोर येतात.

माहिती कुठे मिळेल? आधी कॉलेजचे वार्षिकांक, मग जिमखान्याची प्रवासभत्त्याची व्हाउचरं. हसू नका. वार्षिकांकात विजय सापडतात, पराभव व्हाउचरातच सापडतात.

प्रश्न : आम्ही सात ज्युनिअर कॉलेजं मिळून मुलांच्या कबड्डीची आपली साखळी सुरू करतोय. दर शनिवारी गाड्या काढणं परवडणार नाही. सामने कसे लावावेत? आणि मध्येच कोणी फुटलं तर? (विटा)

उत्तर : सात ही संख्या कबड्डीसाठी नशिबाने मिळाल्यासारखी आहे. नेहमीच्या पद्धतीने आठवा भिडू 'बाय' धरायचा (ज्याची जोडी बायशी, त्याला त्या दिवशी सुट्टी), तो जागेवर ठेवायचा आणि बाकीचे फिरवायचे. पहिल्या फेरीत बाय-१, २-७, ३-६, ४-५. दुसरीत बाय-२, ३-१, ४-७, ५-६. तिसरीत बाय-३, ४-२, ५-१, ६-७. असे सात शनिवार, रोज तीन सामने, एकूण २१. पण यात दर शनिवारी तीन संघांना गाडी लागते आणि तीन ठिकाणी पंच लागतात.

त्याऐवजी त्रिकूट लावा. एका मैदानावर एका दिवशी तीन संघ, आणि तिघं आपापसात खेळतील. सात दिवसांची जुळणी अशी :

१-२-४
२-३-५
३-४-६
४-५-७
५-६-१
६-७-२
७-१-३

ओळीतला पहिला आकडा यजमान. कुठलीही जोडी तपासून बघा, ती बरोबर एकदाच येते. प्रत्येक कॉलेज एकदा यजमान होतं आणि फक्त दोनदा प्रवास करतं. बारा खेळाडू, एक शिक्षक आणि एक मदतनीस म्हणजे चौदा माणसं, एक ट्रॅव्हलर पुरते. पंचांचा ताफा (सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक) दिवसाला एकच लागतो.

वेळ मात्र सैल ठेवा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं, वर टाइमआउट, म्हणजे सामन्याला तास धरा. तीन संघांत सामने सलग लावले तर पहिल्या दोन सामन्यांत एक संघ लागोपाठ येतो, नंतर दुसरा. दमलेला पोरगा पकडीत गुडघा फिरवून घेतो. म्हणून दहा, बारा आणि दोन वाजता सामने घ्या, मधला तास रिकामा. तीन वाजता आटोपलं की गावाकडची एसटीही मिळते.

फुटण्याचं आता. समजा सातवा संघ गेला. तर ४-५-७, ६-७-२ आणि ७-१-३ या तीन दिवसांत एकेकच सामना उरतो आणि तेवढ्यासाठी गाडी काढणं जिवावर येतं. ते तिन्ही सामने एकाच दिवशी मध्यावरच्या मैदानावर उरका. याउलट आठवा संघ आला, तर त्रिकुटाची ही जुळणी बसत नाही, 'बाय'च्या पद्धतीकडे परत जावं लागतं. तिथे आठवा फक्त बायची जागा घेतो. शनिवार सातच राहतात, सामने २८ होतात. नववा आला तर शनिवार नऊ होतील, त्याला हो म्हणण्याआधी दोनदा विचार करा.

करार एका पानाचाच करा, पण त्यात आकडे हवेत. पटसंख्या कुठल्या तारखेची धरायची (३१ ऑगस्ट सोयीची), आणि मुलांची वेगळी मोजायची. ती किती झाली की कॉलेज साखळीबाहेर जाईल, हेही आजच लिहा. आज कोणीच तेवढं मोठं नाही, म्हणून वादही होणार नाही. सोडून जायचं असेल, तर ३१ जानेवारीपर्यंत लेखी कळवायचं आणि पुढच्या हंगामापासूनच जायचं. मध्येच सोडलं तर निम्म्याहून कमी सामने झालेल्या संघाचे सगळे निकाल रद्द, निम्मे किंवा जास्त झाले असतील तर झालेले कायम आणि उरलेल्यांत समोरच्याला पुढे चाल. हा नियम पहिल्या सामन्याआधी सगळ्यांच्या सहीनिशी हवा. गुणतक्त्यात कोण वर आहे हे दिसायला लागल्यावर त्यावर एकमत होत नाही.

अनामत रक्कम प्रत्येकाकडून आधीच घ्या. किती, तर यजमानाच्या एका दिवसाच्या खर्चाएवढी : पंचांचं मानधन, मैदानाची आखणी, पाणी आणि दोन पाहुण्या संघांचं जेवण. त्याहून कमी घेतली तर सोडून जाणाऱ्याला ती बुडाल्याचं काहीच वाटत नाही.